कितवा दिवस?

पहाटे ५.२०

डोळे पुरते उघडायच्या आत फोन. "मॅडम, रात्री पावसाने चांगलंच झोडपलं. आता काय मारू?" औषधाचं नाव तोंडातून निघण्याआधी माझा सवाल ठरलेला असतो: "कितवा दिवस?"

द्राक्षाच्या बागेचं वय छाटणीपासून मोजतात. ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली की त्या दिवसापासून मोजणी सुरू. एकाच शिवारात एक प्लॉट अठराव्या दिवसात असतो, बांधापलीकडचा बत्तिसाव्या. दोघांवर पाऊस तोच पडतो, दुखणी मात्र वेगळी. निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतल्या सव्वाशे बागायतदारांचा आमचा गट आहे आणि माझ्या नेमणूकपत्रावर ‘समन्वयक’ असा भारदस्त शब्द आहे. खरं काम एवढंच की याला कळलेलं त्याच्यापर्यंत न्यायचं आणि नेताना सांडू द्यायचं नाही.

सातपर्यंत अकरा फोन झाले. दिंडोरीकडच्या तात्यांना मीच लावला, कारण पावसानंतर त्यांचा फोन आला नाही असं कधी होत नाही. "अठ्ठाविसावा दिवस. प्लॉट एक नंबर आहे, काही टेन्शन नाही," तात्या म्हणाले आणि त्यांनी घाईने फोन ठेवला.

सकाळी ७.१५

पिंपळगाव बसवंतजवळ भाऊंचा प्लॉट. भाऊंनी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पट्टी वाकवून घेतलीय आणि ब्लोअरच्या नोझलांचा कोन बदललाय. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आता औषध पानाच्या पाठीलाही बसतं. ही छोटी गोष्ट नाही. डाऊनी या रोगाचा तेलकट डाग पानावर वरून दिसतो, पण त्याची पांढरी बुरशी उगवते पाठीमागून. वरून पान चिंब असलं आणि पाठ कोरडी राहिली तर फवारा फुकट.

पण दावा ऐकायचा नाही, बघायचा. माझ्या पिशवीत पिवळे कागद असतात. थेंब पडला की तेवढ्या जागी निळा ठिपका उठतो. वीस कागद टाचले, निम्मे पानांच्या पोटावर, निम्मे पाठीवर, आणि टाकीत साधं पाणी भरून एक ओळ मारायला लावली. डाव्या बाजूचे कागद निळ्या ठिपक्यांनी भरले. उजव्या बाजूचे पाठीमागचे पाचही कागद जवळजवळ कोरे. भाऊंचा चेहरा उतरला. नोझल काढून पाहिली तर दोन नोझलांच्या जाळीत गाळ. धुऊन पुन्हा ओळ मारली तेव्हा उजवीकडेही निळं झालं. म्हणजे पट्टीची कल्पना खरीच चांगली होती.

"मग ते पहिले कागद फेकून द्या ना मॅडम," भाऊ म्हणाले. नाही दिले. दोन्ही संच वहीत शेजारी शेजारी चिकटवले. दुसऱ्याला भाऊंची पट्टी जितकी उपयोगी, तितकीच ती गाळाची जाळी.

सकाळी १०.४५

ऑफिस म्हणजे पॅकहाऊसच्या मागची खोली. भिंतीला कपाट, कपाटात वह्या. फोनवर येणारा अनुभव इथे लिहून घेते आणि प्रत्येक नोंदीला पाच रकाने सक्तीचे: छाटणीची तारीख, जात, खुंट, जमीन, पाणी. रकाना रिकामा असेल तर नोंद पुढे जात नाही. लोक वैतागतात. "अहो, रिझल्ट आला म्हणतोय तर पाठवा की!"

हा हट्ट मला माझ्याच चुकीने शिकवला. पूर्वी एकाचा जीए या संजीवकाचा डोस आवडला म्हणून मी तसाच सगळ्यांना पाठवला होता. जात लिहायची राहिली. थॉमसनवरचा डोस एकाने दुसऱ्याच जातीवर मारला, त्याचे घड नको तितके ताणले गेले, मणी विरळ बसले आणि व्यापाऱ्याने दर पाडला. तो भला माणूस. मला एक शब्द बोलला नाही, पण त्या हंगामात त्याने मला एकही फोन केला नाही.

दुपारी १२.१०

दिंडोरीकडे जाताना रस्त्यावरून तात्यांचा प्लॉट दिसतो. खालच्या कोपऱ्यात सात-आठ बाया वाकून काहीतरी खुडत होत्या. क्रेट भरत होत्या आणि एक गडी बांधाजवळ खड्डा खणत होता. अठ्ठाविसाव्या दिवशी क्रेट भरून काय काढतात ते द्राक्षातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

गाडी थांबवली नाही. थांबवली असती तर तात्यांना तोंडावर खोटं बोलावं लागलं असतं.

दुपारी १.३०

डबा. जेवताना मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांना फोन. त्यांना शेतातले प्रश्न हवे असतात, आम्हाला उत्तरं. भांडण एवढंच की त्यांचं उत्तर प्रयोग पूर्ण झाल्यावर येतं आणि आमचा प्रश्न उद्या सकाळचा असतो. ते बरोबर आहेत, आम्हीही. मधे उभं राहायला पगार मिळतो मला.

आमच्या संचालकांपैकी एकाचा मुलगा एमबीए करतो. त्याने मला ‘ओपन इनोव्हेशन’, म्हणजे नव्या कल्पना चार भिंतींबाहेरूनही घ्यायच्या, हे समजावलं होतं: हेन्री चेस्ब्रो यांचं २००३ चं पुस्तक, त्याआधी एरिक फॉन हिपेल यांची वापरणाराच नवं शोधतो ही मांडणी. ऐकून बरं वाटलं. पण महाराष्ट्रातली द्राक्षं आधीपासून याच वाटेने चालत आली आहेत. तासगाव तालुक्यात बोरगावच्या वसंतराव आर्वे यांना आपल्या थॉमसनच्या बागेत वेगळी दिसलेली वेल म्हणजे तास-ए-गणेश. सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी थॉमसनमधूनच निवडली ती सोनाका. कुठल्याही प्रयोगशाळेआधी बांधावर उभ्या माणसाच्या नजरेला फरक दिसला, काडी शेजाऱ्याकडे गेली, पाहुण्यांकडे गेली, जिल्ह्याबाहेर गेली.

दुपारी ३.३०

खेडगावच्या बाजूला अक्कांची बाग. नवरा गेल्यावर चार एकर त्या एकट्या बघतात. गेल्या फेब्रुवारीत एका ओलांड्यावरचे घड त्यांना वेगळे वाटले, मणी लांबट आणि देठाशी घट्ट. त्यांनी साडीची लाल किनार फाडून तिथे बांधली. सप्टेंबरात त्या फांदीचे डोळे डॉगरिज जातीच्या तीन खुंटांवर भरले, तिन्ही फुटले. किनारीचा रंग उडून ती आता गुलाबी झालीय.

"सांगू का गटात?" अक्कांनी विचारलं. मी म्हटलं, अक्का, थांबा. निदान दोन-तीन हंगाम गुण टिकतो का बघू, फोटो, तारखा, मण्यांची मापं लिहून ठेवू. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला स्वतःच्या जातीची नोंदणी करता येते, ती तुमच्या नावावर होऊ दे.

अक्कांना हे पटलं नाही. "काडी कोणी मागितली तर नाही कशी म्हणू? आम्हीही मागूनच आणलीय." खरंच आहे. आता कराराने येणाऱ्या परदेशी जातींमध्ये काडी शेजाऱ्याला द्यायची नाही अशी अट असते, ती ऐकून आमच्या जुन्या लोकांना हसू येतं. पण दुसरी बाजूही मला दिसते. एचएमटी तांदूळ घराघरांत शिजला आणि तो निवडणारे चंद्रपूर जिल्ह्यातले दादाजी खोब्रागडे २०१८ साली गेले ते हलाखीतच. काडी जाऊ दे, अक्का, पण काडीबरोबर तुमचं नाव जाऊ दे, एवढंच मी म्हणाले. त्यांनी चहा टाकला, म्हणजे विषय संपला.

संध्याकाळी ६.३०

मारुतीच्या पारावर बैठक, चाळीसेक माणसं. भाऊंनी स्वतः उठून पट्टी दाखवली आणि, मला वाटलं नव्हतं, जाळीतला गाळही सांगितला. लोक हसले, पण तिघांनी लगेच ब्लोअरकडे जाऊन जाळ्या तपासल्या. एकीत गाळ निघाला.

मग एका तरुणाने विचारलं, चांगला अनुभव पटकन पसरवायला काय हरकत? उत्तर गटातल्या जुन्या अण्णांनी दिलं. २०१० च्या हंगामात युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाटचे अंश सापडले आणि कंटेनर अडकले. काडीची वाढ रोखायला ते औषध बाग बागेला सांगत गेली होती. "आम्हाला कोणी फसवलं नव्हतं," अण्णा म्हणाले, "आम्हीच एकमेकांना प्रेमाने सांगितलं होतं. अंश किती दिवस राहतो हे तेवढं कोणी विचारलं नाही." पारावर थोडा वेळ कोणी बोललं नाही.

तात्या मागच्या ओळीत होते. डाऊनीचा विषय निघाला तेव्हा ते चपला शोधायला लागले.

आपल्याकडे यश सांगायला माइक लागतो आणि नुकसान सांगायला अंधार. कारणंही खोटी नाहीत. बँकेचं कर्ज असतं, व्यापाऱ्याच्या कानावर गेलं तर तो दर पाडतो, पोरीचं लग्न ठरायचं असतं. वहीत नाव न लिहिता नोंद घ्यायची सोय मी त्यासाठीच ठेवलीय. तरी माझ्या कपाटात यशाच्या पाच वह्या आहेत आणि फसलेल्याची एक, तीही अर्धी कोरी.

रात्री ९.४०

फोन. तात्या. आधी हवामान, मग भाव, मग माझ्या आईची तब्येत. मग म्हणाले, "दुपारी गाडी दिसली तुमची. थांबला नाहीत."

"घाईत होते, तात्या."

"हं." बराच वेळ नुसता रातकिड्यांचा आवाज. मग एका दमात सगळं आलं. भाऊबंदांनी सांगितलेलं वेळापत्रक त्यांनी जसंच्या तसं पाळलं होतं. पण भाऊबंदांची जमीन मुरमाड, पाऊस थांबला की तासाभरात ट्रॅक्टर आत. तात्यांचा खालचा कोपरा काळ्या मातीचा, चाक रुतलं, फवारा दीड दिवस लांबला. डाऊनी तिथूनच सुरू झाली, घडावर गेली. अर्धा एकर काढून पुरला.

मी वही ओढली. जमीन: काळी, सखल. मग विचारलं, नाव लिहू का? "लिहा," तात्या म्हणाले, "आणि उद्या लोकांना इकडेच आणा. वरचा तुकडा वाचलाय, तोही दाखवतो."

उद्याची शिवारफेरी तात्यांच्या प्लॉटवर आहे, सकाळी साडेसहाला. गटातल्यांनी गमबूट घालून, दव उडायच्या आत यावं. पानामागची पांढरी बुरशी उन्हं वर आली की नीट दिसत नाही.