सकाळचा उजेड आणि मेंदूतलं घड्याळ

१९६२ मध्ये मिशेल सिफ्र हा तरुण फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळाविना दोन महिने राहिला. १४ सप्टेंबरला तो बाहेर आला, तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्टच उजाडला होता. तारखा चुकल्या, पण त्याचं शरीर जवळपास २४ तासांच्याच लयीत झोपत-उठत होतं.

ही लय राखतो मेंदूतला सुमारे २० हजार पेशींचा चिमुकला पुंजका. तो मागे-पुढे होऊ नये म्हणून रोज वेळ जुळवून देतो सकाळचा उजेड. डोळ्यांच्या पडद्यातल्या काही खास पेशी प्रकाश टिपून त्याचा निरोप थेट या पुंजक्याला पोचवतात. घरातल्या दिव्यांखाली जेमतेम काहीशे लक्स प्रकाश मिळतो. अंगणात मात्र ढगाळ दिवशीही हजारो.

उठल्याउठल्या वाटणारी मरगळ म्हणजे आळस नव्हे.

झोपेतून मेंदू पूर्ण सावध व्हायला वेळ लागतो, बहुधा अर्धा तास. त्याच सुमारास कॉर्टिसॉलची पातळी झपाट्याने चढते. ताणाचं संप्रेरक म्हणून ते उगाच बदनाम झालंय. शरीराला दिवसासाठी सज्ज करण्यात त्याचाही वाटा मानला जातो. तेव्हा अंथरुणातच स्वतःला दोष देण्यापेक्षा सकाळचा पहिला चहा गॅलरीत किंवा ओट्यावर, उघड्या आभाळाखाली घ्यावा.