संतांची रदबदली
(लोकश्रद्धेच्या वाटा : लेखांक सहावा)

मागील लेखांकात तुळजापूरच्या भवानीला बोललेल्या नवसांचा विचार केला. आज त्याच आर्ततेचे कॅथलिक रूप पाहावयाचे आहे. शिरूर अनंतपाळच्या परिसरात कॅथलिक वस्ती तुरळक, आणि मराठवाड्यासाठी औरंगाबादेस स्वतंत्र धर्मप्रांत झाला तोही 1977 साली. त्यामुळे संकटसमयी संताला हाक मारणारा कॅथलिक मनुष्य नेमके काय करतो, याविषयी आपल्याकडे गैरसमज पुष्कळ, आणि त्यांतील सर्वांत मोठा हा की, हे लोक येशूला बाजूस सारून निराळ्याच दैवतांस भजतात.

वस्तुतः उपासना केवळ परमेश्वराची आणि संतांना केवळ आदर, हा भेद इसवी सन 787 मध्ये नायसियाच्या धर्मपरिषदेने स्पष्ट केला, आणि संतांकडे साहाय्याची याचना करणे हितकर आहे, असा निर्वाळा 1563 मध्ये ट्रेंटच्या परिषदेने दिला. निजामी अमदानीत ज्यांनी कचेरीचे उंबरठे झिजविले त्या आपल्या वाडवडिलांना यातील मर्म तत्काळ उमगले असते : हुकूम देणारा एकच, परंतु ज्याचा शब्द त्याच्याजवळ रुजू होतो अशा सज्जनाने आपल्या अर्जासोबत दोन शब्द बोलावेत, एवढीच अर्जदाराची अपेक्षा. संत दाता नव्हे. तो रदबदली करणारा.

आणि ही रदबदली करावयाची ती कोणी? ज्याने स्वतः दुःख भोगले त्याने. वसईत 1557 च्या सुमारास जन्मलेला गोन्सालो गार्सिया याचे उदाहरण मला फार बोलके वाटते. जपानात येशूसंघीयांच्या सेवेत राहूनही त्या संघात त्याला प्रवेश मिळाला नाही. त्याने व्यापार केला, पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात तो साधा बंधू म्हणून दाखल झाला, दुभाषी होऊन पुन्हा जपानात गेला, आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मारला गेला. 1862 मध्ये संतपद पावलेला हा भारतात जन्मलेला पहिला संत. ज्याची पहिली मनीषाच अपुरी राहिली, त्याच्यापुढे वसईचा शेतकरी आपले गाऱ्हाणे मांडतो, यात मला मानवी स्वभावाची खोल जाण दिसते.

परंतु लोकांची खरी रीघ लागते ती मुंबईत माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये, दर बुधवारी, निरंतर साहाय्य माता मरियेच्या नोव्हेनेला, म्हणजे नऊ वारांच्या प्रार्थनेला. या मातेचे मूळ चित्र रोममध्ये आहे : येशूच्या भावी यातनांची साधने घेऊन आलेले देवदूत पाहून भ्यालेला बाळ मातेला बिलगला आहे, आणि त्या धांदलीत त्याच्या एका पायातील वहाण सुटून लोंबते आहे. भीतीने आईकडे धावण्याचा प्रसंग जिथे प्रत्यक्ष देवपुत्रावर आलेला दाखविला आहे, तिथे परळच्या टाटा रुग्णालयात आप्ताला घेऊन आलेल्या परधर्मीय मनुष्यालाही संकोच वाटत नाही. सलग नऊ बुधवार प्रार्थना करावयाची, मागणे कागदावर लिहावयाचे, आणि इच्छा फळली तर आभाराचेही पत्र लिहावयाचे, अशी तेथील रीत आहे. घर, हात, पाय, बालक यांच्या मेणाच्या आकृतीही वाहिल्या जातात. ही नोव्हेना तेथे 8 सप्टेंबर 1948 रोजी सुरू झाली, आणि त्यानंतर बरोबर नवव्या दिवशी आपला मराठवाडा निजामाच्या अमलातून मुक्त झाला, हा योगायोग नमूद केल्यावाचून राहवत नाही.

मेणाची आकृती वाहणे आणि आपला नवस फेडणे यांत बाह्य साम्य आहेच. आणि सौदा करण्याची मानवी खोड तेथेही सुटलेली नाही. तथापि धर्माची शिकवण अशी की, अर्ज नामंजूर होऊ शकतो, हे मान्य करूनच तो गुदरावा. मागणाऱ्याने देवाच्या इच्छेपुढे मान तुकवावी. माझ्या मते या प्रार्थनेचे श्रेष्ठत्व फळलेल्या नवसांपेक्षा या कबुलीतच अधिक आहे.

पुढील आठवड्यात कंधारच्या दर्ग्याकडे वळू. तेथे जाणाऱ्या वाचकांनी आपल्या घरी चालत आलेल्या चालीरीती अवश्य लिहून कळवाव्यात.