विश्लेषण : रोज धावणारा माणूसही आजारी का पडतो? काय सांगते डॉ. जॉर्ज शीहान यांची कहाणी?

एखाद्या मॅरेथॉनमध्ये कुणी धावपटू कोसळल्याची बातमी आली, की घरोघरी तोच संवाद सुरू होतो. ‘सिगारेट नाही, दारू नाही, रोज पहाटे धावायचा, तरी असे कसे?’ या प्रश्नामागे एक हिशेब दडलेला असतो. इतके किलोमीटर धावले, तर त्या बदल्यात इतकी वर्षे मिळायलाच हवीत, असा तो हिशेब. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञ आणि हौशी धावपटू डॉ. जॉर्ज शीहान यांनी पंचवीस वर्षे वृत्तपत्रात सदर लिहून या हिशेबाशी झुंज घेतली. अखेर तो त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातच चुकला. तरीही ते धावत राहिले. का, हे समजून घेण्यासारखे आहे.

कोण होते डॉ. शीहान?

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये ५ नोव्हेंबर १९१८ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील डॉक्टर. चौदा भावंडांत जॉर्ज थोरले. महाविद्यालयात असताना ते धावण्याच्या शर्यती गाजवत. पुढे वैद्यकीय शिक्षण, दुसऱ्या महायुद्धात नौदलातील सेवा, मग न्यू जर्सीतील रेड बँक येथे हृदयरोगतज्ज्ञ म्हणून व्यवसाय, लग्न आणि बारा मुले. सुखवस्तू, यशस्वी, चारचौघांसारखे आयुष्य. धावण्याचे बूट केव्हाच माळ्यावर गेले होते.

पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी ते पुन्हा घातले. सुरुवात घरामागच्या अंगणात झाली. सव्वीस फेऱ्या मारल्या की एक मैल, म्हणजे जेमतेम साठ मीटरची एक फेरी. (बारा मुलांच्या घरात मागचे अंगण मोकळे कसे मिळत असेल, हा प्रश्न वेगळा.) नंतर ते दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत नदीकाठच्या रस्त्यावर धावू लागले. पाच वर्षांत, वयाच्या पन्नाशीत, त्यांनी एक मैल ४ मिनिटे ४७ सेकंदांत पूर्ण केला. पन्नास वर्षांच्या माणसाने पाच मिनिटांच्या आत मैल धावण्याची ती जगातील पहिली नोंद मानली जाते.

त्याच सुमारास ‘रेड बँक रजिस्टर’ या स्थानिक दैनिकात त्यांचे सदर सुरू झाले. पुढे ‘रनर्स वर्ल्ड’ या मासिकाचे वैद्यकीय संपादकपदही त्यांच्याकडे आले. १९७८ मधील ‘रनिंग अँड बीइंग’ हे पुस्तक अमेरिकेत खपाच्या यादीत बरेच आठवडे होते. त्यात वेळापत्रके आणि व्यायामाचे तक्ते शोधणाऱ्याची थोडी निराशाच होते. दमणे, म्हातारे होणे, एकटे असणे, शर्यतीत मागे पडणे, असेच विषय त्यात भरलेले आहेत. धावताना सुचलेले घरी येऊन लिहून काढायचे, ही त्यांची पद्धत. त्यामुळे वाचकांना तो डॉक्टरचा सल्ला न वाटता शेजाऱ्याशी झालेली बातचीत वाटे.

त्या काळी धावण्याविषयी समज काय होते?

आज पहाटे मरिन ड्राइव्हवर किंवा पुण्यातल्या टेकडीवर धावणाऱ्यांकडे कुणी वळूनही पाहत नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेतसुद्धा अर्धी चड्डी घालून रस्त्याने धावणारा चाळिशीपुढचा माणूस ही नवलाची गोष्ट होती. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णाला कित्येक आठवडे अंथरुणात पडून राहायला सांगण्याची प्रथा नुकतीच ढिली पडू लागली होती. १९६८ मध्ये डॉ. केनेथ कूपर यांचे ‘एरोबिक्स’ आले. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये फ्रँक शॉर्टर या अमेरिकी धावपटूने मॅरेथॉनचे सुवर्णपदक जिंकले आणि बघता बघता सारा देश धावू लागला.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. कॅलिफोर्नियातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. थॉमस बॅसलर यांनी १९७०च्या दशकात असा दावा केला, की धूम्रपान न करणारा आणि मॅरेथॉन पूर्ण करू शकणारा माणूस हृदयविकारापासून पूर्ण सुरक्षित असतो. हा दावा ऐकायला इतका गोड होता, की तो खरा नसल्याचे पुरावे फार कुणाला नकोच होते. १९७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डॉ. टिम नोक्स आणि सहकाऱ्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मॅरेथॉन धावपटूंच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष मांडले. त्यांच्या हृदयाच्या रोहिण्यांतही चरबीचे थर साचलेले आढळले होते. तरी समज टिकून राहिला. तो मोडायला एका प्रसिद्ध माणसाचा मृत्यू व्हावा लागला.

जिम फिक्स यांचे काय झाले?

जिम फिक्स १९६७ मध्ये धावू लागले, तेव्हा ते ३५ वर्षांचे होते. वजन सुमारे ९७ किलो, दिवसाला सिगारेटची दोन पाकिटे. पस्तिसाव्याच वर्षी त्यांच्या वडिलांना हृदयविकाराचा पहिला झटका आला होता आणि ४३ व्या वर्षी ते गेले होते. फिक्स यांनी सिगारेट सोडली, सुमारे २७ किलो वजन उतरवले. १९७७ मध्ये त्यांनी लिहिलेल्या ‘द कम्प्लीट बुक ऑफ रनिंग’च्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. २० जुलै १९८४ रोजी व्हरमाँट राज्यातील हार्डविक गावी रोजचे धावणे सुरू असताना ते रस्त्याकडेला कोसळले. वय ५२. शवविच्छेदनात एक रोहिणी ९५ टक्के, दुसरी ८५ टक्के आणि तिसरी ७० टक्के बंद असल्याचे दिसले.

विनोदी कार्यक्रमांना विषय मिळाला, सोफ्यावर बसून राहणाऱ्यांना समर्थन मिळाले. दोन गोष्टी मात्र त्या गदारोळात मागे पडल्या. फिक्स वडिलांपेक्षा नऊ वर्षे अधिक जगले, ही पहिली. त्यात धावण्याचा वाटा किती आणि सिगारेट सोडण्याचा किती, हे एका माणसाच्या बाबतीत कुणालाच सांगता येणार नाही. दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. आपल्या डॅलसच्या दवाखान्यात आले असताना फिक्स यांनी स्ट्रेस टेस्ट करून घ्यायचे टाळले, असे डॉ. कूपर यांनी नंतर लिहिले. वडिलांचा इतिहास ठाऊक असलेल्या माणसाला ही तपासणी नकोशी का वाटली असेल? रोज १५ किलोमीटर धावणाऱ्या आपल्याकडच्या अनेकांना हा प्रश्न विचारून पाहावा. धावता येते, हेच त्यांना प्रकृतीचे प्रमाणपत्र वाटत असते.

आकडेवारी काय सांगते?

अमेरिकेत २००० ते २०१० या काळात अर्धमॅरेथॉन आणि मॅरेथॉनमध्ये धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख जणांपैकी ५९ जणांचे हृदय शर्यतीत किंवा ती संपताच बंद पडले. त्यातले ४२ दगावले. सरासरी वय ४२, बहुसंख्य पुरुष. २०१० ते २०२३ या पुढच्या काळात धावणारे झाले २ कोटी ९३ लाख आणि अशा घटना १७६. म्हणजे प्रमाण जवळपास तेच राहिले, लाखाला एकाहूनही कमी. मृत्यू मात्र निम्म्यावर आले. पहिल्या काळात कोसळलेल्यांपैकी ७१ टक्के जण वाचले नाहीत, दुसऱ्या काळात ३४ टक्के. धावपटूंची हृदये काही या काळात बदलली नाहीत. मार्गावर छातीवर दाब देणारी माणसे आणि विजेचा झटका देणारी यंत्रे लवकर पोहोचू लागली, हा त्यातला मोठा भाग आहे.

आणि फायद्याचे काय? डॅलसमधील ५५,१३७ प्रौढांवर सरासरी १५ वर्षे नजर ठेवून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, न धावणाऱ्यांच्या तुलनेत धावणाऱ्यांमध्ये कोणत्याही कारणाने मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका ४५ टक्क्यांनी कमी दिसला. आयुष्यात सरासरी तीन वर्षांची भर. दिवसाला पाच-दहा मिनिटे सावकाश धावणाऱ्यांनाही बराचसा लाभ मिळाला होता. पण हा निरीक्षणातून निघालेला निष्कर्ष आहे. धावणारे मुळातच सडपातळ आणि सिगारेटपासून दूर असतात. संशोधकांनी हे फरक गणितात धरले असले, तरी ते पूर्णपणे पुसता येत नाहीत. शिवाय सरासरी तीन वर्षे म्हणजे प्रत्येकाला तीन वर्षे नव्हेत. सरासरीपेक्षा स्वतःच्या शरीराकडे लक्ष द्या, असे शीहान वाचकांना पुनःपुन्हा का सांगत, ते इथे कळते.

भारतीय धावपटूंनी काय ध्यानात घ्यावे?

पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून आणि मुंबई मॅरेथॉन २००४ पासून सुरू आहे. गेल्या वीस वर्षांत चाळिशीच्या आसपास पहिल्यांदा बूट बांधणाऱ्यांची मोठी पिढी इथे तयार झाली. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासात दक्षिण आशियात हृदयविकाराचा पहिला झटका येण्याचे मध्य वय ५३ निघाले. इतरत्र ते जवळपास ५९ होते. म्हणजे आपल्याकडे शर्यतीची हौस आणि रोहिण्यांचा त्रास, दोन्ही एकाच वयात दार ठोठावतात. वडील किंवा भाऊ तरुणपणी हृदयविकाराने गेले असतील, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर मॅरेथॉनची नोंदणी करण्याआधी डॉक्टरांची गाठ घ्यावी. पेडर रोडच्या चढावर छाती भरून आली, जबडा किंवा डावा हात दुखू लागला, तर तिथेच थांबावे. पदकासाठी उरलेले अंतर रेटू नये. तपासणीत सारे ठीक निघाले तरी धोका शून्य होत नाही, हेही खरे.

शीहान यांच्या आजारपणात काय घडले?

१९८६ मध्ये शीहान यांना पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग असल्याचे निदान झाले. तो तोपर्यंत हाडांत पसरला होता. हृदयरोगाच्या डॉक्टरला, इतकी वर्षे हृदय जपणाऱ्या माणसाला, आजार आला तो भलत्याच दाराने. ते आणखी सात वर्षे जगले. धावत राहिले, शर्यतींत उतरत राहिले आणि वेळ घसरत गेली तीही लिहीत राहिले. आधीच्या सदरांत शरीर घडवण्याचा उत्साह आहे. या काळातल्या लेखनात एकेक गोष्ट हातातून सुटत असल्याची नोंद आहे. आधी वेग, मग अंतर, मग धावणेच. सहानुभूती मागण्याचा सूर मात्र त्यात नाही. धावण्यातून वर्षे मिळतील का, हा प्रश्न एव्हाना मागे पडला होता. आजची दुपार कशी गेली, हा उरला होता. १ नोव्हेंबर १९९३ रोजी ओशन ग्रोव्ह येथे त्यांचे निधन झाले. पंच्याहत्तरी चार दिवसांवर होती. अखेरच्या काळातले त्यांचे लेखन ‘गोइंग द डिस्टन्स’ या नावाने १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले.

या धावण्याची किंमत कुणी मोजली?

धावण्याच्या पुस्तकांत सहसा न येणारी ही बाजू त्यांच्या मुलाने लिहिली. अँड्र्यू शीहान यांच्या २००१ मधील ‘चेसिंग द हॉक’मध्ये जगाला आपले वाटणारे, पण घरी हाती न लागणारे वडील दिसतात. स्वतःच्या शोधात निघालेला माणूस कुटुंबापासून किती दूर जाऊ शकतो, याचे ते वर्णन आहे. मुलगा स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर आला. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात दोघांमधले अंतर मिटत गेले, हेही त्यात आहे. रविवारी पहाटे चारचा गजर लावून बाहेर पडणाऱ्या आणि दहाला येऊन दुपारभर झोपणाऱ्या धावपटूंच्या घरी शीहान यांची पुस्तके असतात. मुलाचे हे पुस्तक त्यांच्या शेजारी क्वचितच दिसते.