लहानग्यांना घेऊन गरम कुंडात उतरण्याआधी

पालीच्या बल्लाळेश्वराचं दर्शन झालं की बरीच कुटुंबं जवळच्या उन्हेऱ्याच्या कुंडाकडे वळतात. वज्रेश्वरीला गेलेले अकलोली-गणेशपुरीला जातात, राजापूरच्या गंगेवर गेलेले उन्हाळे गावच्या झऱ्यावर. सोबत गुडघे धरलेले आजी-आजोबा असतात आणि कुणाच्या तरी कडेवर दीड-दोन वर्षांचं मूलही असतं. मोठ्यांनी कुंडात उतरावं, यात वावगं काही नाही. ऊन पाण्यात आखडलेले सांधे सैल पडतात, हा अनुभव खोटा नाही. पण 'औषधी पाणी' ही कीर्तीच एवढी मोठी की मूल उतरवताना जे बघायला हवं तेच बघायचं राहून जातं: पाणी किती गरम आहे, मूल किती वेळ आत आहे, त्याच्या नाकात पाणी जातंय का, आणि हात पोचेल इतक्या अंतरावर कोण उभं आहे. आड येतात त्या काही पक्क्या बसलेल्या समजुती.

"खाली ज्वालामुखी आहे, म्हणून पाणी गरम"

कोकणाखाली आज जागा ज्वालामुखी नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्हापासून झाला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी बाहेर पडला आणि त्याची धग केव्हाच विझली. झऱ्याचं पाणी हे आपलंच पावसाचं पाणी. ते खडकांच्या भेगांतून खोल मुरतं. जमिनीखाली दर किलोमीटरला तापमान साधारण 25 ते 30 अंश सेल्सिअसने वाढत जातं. दीड-दोन किलोमीटर खाली जाऊन तापलेलं पाणी एखाद्या मोठ्या भेगेतून पटकन वर आलं, तर ते गरमच बाहेर पडतं. पालघरमधल्या कोकणेर-सातिवलीपासून राजापूरपर्यंत हे झरे एका माळेत सापडतात ते अशा भेगांमुळेच.

आईबापांनी यातून एक गोष्ट ध्यानात ठेवायची. पाणी किती खोल गेलं, किती वेगाने वर आलं आणि वाटेत किती गार पाणी त्यात मिसळलं, यावर त्याची ऊब ठरते. ती कुणी आपल्या सोयीने लावून ठेवलेली नसते. राजापूरजवळच्या उन्हाळे गावचं पाणी अंघोळीजोगं असतं, तर दापोली तालुक्यातल्या उन्हवऱ्याच्या उगमाचं पाणी 70 अंशांच्या आसपास. एकाच गावातल्या दोन कुंडांतही फरक असतो. उगमाचं कुंड सर्वांत कढत. हिमाचलातल्या मणिकरणला तर गुरुद्वाऱ्याच्या लंगरासाठी झऱ्याच्या पाण्यात भात शिजवतात. एका ठिकाणचा अनुभव दुसरीकडे चालवू नये.

"मला सोसतंय, म्हणजे बाळालाही सोसेल"

सगळ्यांत जास्त इजा करणारी समजूत हीच. मोठ्या माणसाचा तळवा, तोही रोज तव्याशी आणि चहाच्या भांड्याशी सरावलेला, 43 अंशाचं पाणी 'छान गरम' म्हणून मान्य करतो. बाळाची त्वचा पातळ असते. 60 अंशाच्या पाण्यात मोठ्या माणसाला पाचेक सेकंदांत खोल भाजतं, 54 अंशांत अर्ध्या मिनिटात. लहान मुलाला त्याहूनही कमी वेळ पुरतो. म्हणून उगमाच्या कुंडाच्या काठावर मूल कडेवरून खाली सोडूच नये. तिथे धोका अंघोळीचा नसतो, पाय घसरण्याचा असतो.

पण पाणी भाजण्याइतकं गरम नसलं तरी दुसरी अडचण उरते. शरीर आपली उष्णता घामाने आणि भोवतालच्या हवेत सोडून देतं. शरीराहून गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसल्यावर घाम वाळत नाही, उष्णता बाहेर जायला वाट राहत नाही, उलट आत येत राहते. मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या अंगाची कातडी जास्त, म्हणून ते आपल्यापेक्षा लवकर तापतं. आणि 'मला गरगरतंय' हे सांगायची भाषा दोन वर्षांच्या मुलाकडे नसते. ते चिडचिड करतं किंवा एकदम गप्प, मलूल होतं. या गप्प होण्यालाच 'बघा, किती शांत बसलंय' असं कौतुकाने म्हटलं जातं, तेव्हा मला धास्ती वाटते.

मोठ्यांसाठीसुद्धा गरम पाण्याच्या टबाची मर्यादा 40 अंश मानतात. पाच वर्षांखालच्या मुलांना अशा टबात उतरवू नये, असं अमेरिकेतली रोगनियंत्रण संस्था सांगते. बाळाच्या अंघोळीचं पाणी 37-38 अंशांचं पुरे. तेव्हा अंघोळीच्या पाण्याचा साधा थर्मामीटर पिशवीत टाकावा. तो नसेल तर कोपर पाण्यात बुडवून बघावं. कोपराला जे गरम लागतं ते बाळासाठी जास्तच. पाच वर्षांहून मोठ्या मुलांना चाळीस अंशांच्या आतल्या पाण्यात पाच-दहा मिनिटं, मग बाहेर सावलीत, पाणी पाजून. घरात दुसऱ्या बाळाची चाहूल असेल तर आईनेही कढत कुंडात बसू नये. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, अंगाचं तापमान चढणं गर्भाला घातक ठरू शकतं.

"इतक्या गरम पाण्यात जंतू कुठले?"

जंतू मरतात ते उकळत्या पाण्यात. अंघोळीजोग्या पाण्यात नाही. काहींना तर तेच मानवतं. नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा ऊन, गोड्या पाण्यात आणि तळाच्या गाळात वाढतो, 46 अंशांपर्यंत तग धरतो. पाण्याबरोबर नाकात वर गेला तर तो वासाच्या मज्जातंतूवाटे मेंदूत पोचतो. हा आजार फार विरळा आहे, पण झाल्यावर वाचणारे जेमतेम तीन टक्के. केरळात 2024 आणि 2025 मध्ये अमीबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे रुग्ण आढळले तेव्हा हे नाव आपल्याकडच्या बातम्यांत आलं. त्याच्या कितीतरी आधी, 1978 मध्ये, इंग्लंडमधल्या बाथ शहरात रोमनकालीन गरम झऱ्याच्या पाण्यात पोहलेली एक मुलगी याच संसर्गाने दगावली. तिथली अंघोळ बंद झाली. नवं स्नानगृह उघडलं ते 2006 मध्ये, शुद्ध केलेलं पाणी वापरून, आणि तिथे 16 वर्षांखालच्यांना प्रवेश नाही.

घाबरून झऱ्याकडे पाठ फिरवा, असं मी म्हणत नाही. पाणी पोटात गेल्याने हा आजार होत नाही. वाट फक्त नाकाची. म्हणून मुलाचं डोकं पाण्याबाहेर ठेवायचं. पुण्य म्हणून डोक्यावरून बुडी द्यायची नाही, उड्या मारू द्यायच्या नाहीत, तळाचा गाळ ढवळायचा नाही. पुढच्या बारा-पंधरा दिवसांत ताप, तीव्र डोकेदुखी, उलट्या, मान आखडणं यांपैकी काही दिसलं तर डॉक्टरांना 'आम्ही गरम कुंडात गेलो होतो' हे न विचारता सांगायचं. एवढी माहिती त्यांना योग्य तपासणीकडे नेते.

साधे जुलाब मात्र पोटातूनच लागतात, आणि बहुतेक कुंडांत क्लोरिन नसतं. जुलाब लागलेलं मूल पाण्यात उतरवणं म्हणजे इतर मुलांना ते देणं. डायपर पाणी आत शिरू देतो आणि घाण बाहेर जाऊ देतो.

"गंधकाचं पाणी, त्वचेला चांगलंच"

कोकणातल्या झऱ्यांना किंचित वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा. तो अगदी थोडा असला तरी नाकाला कळतो. प्रत्यक्षात या पाण्यात विरघळलेले क्षार जास्त असतात, त्यातही मिठासारखे. बाळाच्या पायातले चांदीचे वाळे काळे पडले की अंगातली उष्णता बाहेर आली असं मानणारे भेटतात. चांदी त्या वायूशी संयोग पावून काळी पडते, बाळाच्या अंगाशी त्याचा संबंध नाही. वाळे काढूनच ठेवावेत.

इसब असलेल्या मुलाची कातडी मुळातच कोरडी असते. गरम पाणी उरलासुरला ओलावा नेतं आणि रात्री खाज वाढते. फोड, जखम, ओली खरूज असेल तर कुंडाला नकारच द्यावा. उतरलंच असेल तर बाहेर आल्यावर साध्या पाण्याने अंग धुऊन लगेच खोबरेल किंवा मलम लावावं. तेल आधी चोपडू नये. तेलकट, ओलं मूल हातातून निसटतं.

"घोटभर प्यायला काय हरकत?"

तीर्थ म्हणून चमचाभर दिलं जातं, पण खोल खडकांतून आलेल्या पाण्यात फ्लोराइड आणि इतर क्षार अधिक असू शकतात, शिवाय त्यात इतक्या जणांनी अंघोळ केलेली असते. मुलाला देऊ नये.

"कंबरभर तर पाणी आहे"

आपल्या कंबरेइतकं पाणी म्हणजे मुलाच्या डोक्यावरून. मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं आणि बुडताना ओरडत नाही. कुंडाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, वाफेत तळ दिसत नाही, गर्दीत प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. एका मुलामागे एक मोठं माणूस नेमावं, नाव घेऊन, आणि त्याने मोबाइल काठावर दुसऱ्याकडे द्यावा.

"रिसॉर्टमध्ये पैसे मोजलेत, तिथे काळजी नाही"

नीट चालवलेली जागा ओळखता येते. आइसलँडच्या प्रसिद्ध ब्लू लगूनमध्ये (तेही निसर्गनिर्मित नव्हे, स्वार्ट्सेंगीच्या भूऔष्णिक वीजकेंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याने झालेलं तळं) पाणी 37 ते 40 अंशांवर ठेवतात, दोन वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देत नाहीत आणि आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना दंडावर हवेचे फुगे बांधायला लावतात. आपल्याकडच्या खासगी हौदावर गेल्यावरही विचारावं: पाणी किती अंशांवर आहे, हौद कधी रिकामा करून घासला, किती वयाची मुलं आत घेता. उत्तर मिळालं नाही, तर मोठ्यांनी आळीपाळीने उतरावं. लहानग्याला काठापासून दूर बसवून, बादलीत काढलेलं पाणी कोमट झाल्यावर तांब्याने खांद्याखाली घालावं. तेवढ्यानेही ते खिदळतं.