घरची गंगाजळी



मंडळाच्या मदतनिधीसाठी आपण ही पुस्तिका हाती घेतली आहे, त्याबद्दल प्रथम मनापासून आभार. देणगीच्या पाकिटाकडे वळण्याआधी मात्र आपल्या स्वतःच्या घराविषयी चार शब्द बोलावेत असे आम्हांला वाटते.

पूर्वी घरोघरी देवघरात गंगेच्या पाण्याची छोटी सीलबंद गडवी असायची. कितीही तहान लागली तरी ती कुणी फोडत नसे. ती अगदी शेवटच्या वेळेसाठी राखलेली. त्या गडवीला म्हणायचे गंगाजळी. पुढे हाच शब्द पैशाला लागला, आणि आजही वर्तमानपत्रात ‘परकीय चलनाची गंगाजळी’ असे आपण वाचतो. देशाला जशी गंगाजळी लागते तशी घरालाही लागते. कोकणात पावसाळ्याआधी आगोटीची बेगमी करत, म्हणजे तांदूळ, सुके मासे, पापड, सरपण भरून ठेवत. देशावर धान्याची पेवे असत. अडीअडचणीची तरतूद आधी करून ठेवायची ही रीत आपल्याला नवी नाही. मग अमिरातीत आल्यावर आपण ती का विसरतो?

एका खिळ्यावर टांगलेला संसार

पुण्यात किंवा नाशकात नोकरी गेली तर वाईट वाटते, ओढाताण होते, पण डोक्यावरचे छप्पर दुसऱ्या दिवशी जात नाही. इथली गोष्ट वेगळी. इथे बहुतेकांचा व्हिसा नोकरीला बांधलेला. बायको-मुलांचा व्हिसा आपल्या व्हिसाला बांधलेला. आरोग्य विमा बहुधा कंपनीचा. घराच्या भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक मालकाकडे आधीच दिलेले. मुलांच्या शाळेची फी त्याच पगारातून जाते. सगळा संसार एका खिळ्यावर टांगलेला असतो म्हणा ना! खिळा निघाला की सगळे एकदम खाली येते. व्हिसा रद्द झाल्यावर राहायला काही मुदत मिळते, ती व्हिसाच्या प्रकारावर अवलंबून असते. पण मुदत ती मुदतच. त्या दिवसांत नवी नोकरी शोधायची, नाहीतर बिऱ्हाड गुंडाळायचे. दोन्हीला पैसा लागतो.

आणि हे कधीतरी, कुणालातरी होते असे नाही. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेतवर आक्रमण केले. पुढच्या दोन-अडीच महिन्यांत सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना अम्मानमार्गे विमानाने मायदेशी आणावे लागले. त्यांतल्या कित्येकांची आयुष्याची कमाई तिथल्याच बँकांत अडकून राहिली. २००८ च्या जागतिक मंदीनंतर दुबईतले अनेक बांधकाम प्रकल्प थांबले. २०१४ नंतर तेलाचे भाव कोसळले आणि कंपन्यांनी माणसे कमी केली. २०२० मध्ये कोविड आला. ७ मे २०२० रोजी ‘वंदे भारत’ची पहिली विमाने अबू धाबी आणि दुबईहून केरळकडे निघाली, तेव्हा नोकरी गमावून परत निघालेल्यांनाही तिकीट स्वतःच काढायचे होते. म्हणजे दर पाच-दहा वर्षांनी आखातात एखादी लाट येतेच. कधी येणार ते सांगता येत नाही, एवढेच.

“अहो, ग्रॅच्युइटी आहे ना!”

हे उत्तर आम्ही हमखास ऐकतो. तर चला, हिशेबच मांडू.

अमिरातीच्या सध्याच्या कामगार कायद्यानुसार, जो २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे, पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा आणि त्यापुढे दर वर्षाला ३० दिवसांचा पगार ग्रॅच्युइटी म्हणून मिळतो. पण हा पगार म्हणजे मूळ पगार, घरभाडे आणि इतर भत्ते सोडून. समजा, एखाद्याच्या हातात महिन्याला १२,००० दिरहम पडतात आणि त्यात मूळ पगार ६,००० आहे. रोजचे झाले २००. पाच वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी झाली २१,००० दिरहम. बस्स. आता या घराचा महिन्याचा खर्च बघू.

भाडे ४,५००, शाळा आणि शाळेची बस १,८००, किराणा, दूध, भाजी १,७००, वीज-पाणी, फोन, इंटरनेट १,०००, गाडी, पेट्रोल, सालिक ८००, गावी आईवडिलांना १,०००, औषधपाणी २००. बेरीज ११,०००. म्हणजे पाच वर्षांच्या नोकरीची पुंजी दोन महिनेसुद्धा पुरत नाही.

कायद्याप्रमाणे ही रक्कम नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत मिळायला हवी. पण बँकेचे कर्ज डोक्यावर असेल तर बँक खात्यात आलेली रक्कम आधी कर्जापोटी अडवून ठेवू शकते. गाडीचे कर्ज, वैयक्तिक कर्ज, क्रेडिट कार्ड असे सगळे असणाऱ्या घराने ग्रॅच्युइटी हाती येईल असे धरूच नये.

दुसरे उत्तर, “आता बेकारी विमा आहे.” आहे खरा. जानेवारी २०२३ पासून तो सुरू झाला, आणि चांगली सोय आहे. मूळ पगार १६,००० दिरहमपर्यंत असेल तर महिन्याला ५ दिरहम, त्यापुढे १० दिरहम हप्ता. पण किमान १२ महिने हप्ते भरलेले असावे लागतात. राजीनामा दिला किंवा शिस्तभंगासाठी काढले तर काही मिळत नाही. अर्ज ३० दिवसांच्या आत करावा लागतो. मिळते ते मूळ पगाराच्या ६० टक्के, जास्तीत जास्त तीन महिने. देश सोडला की तेही थांबते. आपल्या उदाहरणात ६,००० चे ६० टक्के म्हणजे ३,६०० दिरहम. घराचे भाडेच ४,५०० आहे!

तिसरे उत्तर, “गावी फ्लॅट आहे, सोने आहे.” फ्लॅट आठ दिवसांत विकता येत नाही, आणि घाईत विकला तर भाव पडून मिळतो. सोने लगेच मोडता येते, पण घडणावळ गेलीच. शिवाय मंगळसूत्र मोडून भाडे भरायची वेळ कुणावर यावी असे आम्हांला वाटत नाही.

किती असावी?

गंगाजळी पगारावर मोजू नये, खर्चावर मोजावी. इथे आणखी एक गोष्ट धरावी, ती म्हणजे परतीचा खर्च. आमच्या मते सोपे सूत्र असे: चार महिन्यांचा घरखर्च, अधिक सगळ्या कुटुंबाला सन्मानाने घरी परतायला लागणारे पैसे. त्यात तिकिटे, सामानाचा कार्गो, भाडेकरार मुदतीआधी मोडल्यास द्यावा लागणारा दंड, शाळेची आणि वीज-पाण्याची बाकी हे सगळे आले. आपल्या उदाहरणात चार महिन्यांचे ४४,००० आणि परतीचे साधारण १२,००० धरले तर ५६,००० दिरहम होतात.

आकडा बघून घाबरू नका. आधी एका महिन्याचा खर्च साठवा, मग परतीचा खर्च, मग उरलेले. महिन्याला १,००० बाजूला टाकले तर पहिली पायरी अकरा महिन्यांत चढून होते. वार्षिक तिकिटाचे पैसे, बोनस, पगारवाढ यांतला अर्धा भाग यात टाकला तर पुढच्या पायऱ्या लवकर होतात. पगार झाला त्याच दिवशी रक्कम आपोआप दुसऱ्या खात्यात जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. महिनाअखेर उरेल ते टाकू म्हटले तर काही उरत नाही, हे आपल्याला ठाऊकच आहे.

भिशी लावणाऱ्या भगिनींना एक सांगायचे आहे. भिशी उत्तम, पण भिशीला पाळी असते आणि संकटाला नसते. म्हणून भिशीचा नंबर लागला की ती रक्कम गंगाजळीत टाकावी. भिशीलाच गंगाजळी समजू नये.

कुठे ठेवावी?

एकाच ठिकाणी ठेवू नये, तीन जागी वाटावी.

पहिला भाग इथल्या बँकेत, पगाराच्या खात्यापासून वेगळा. रात्री दोन वाजता गावाहून फोन आला तर तिकीट याच पैशांतून निघणार.

दुसरा भाग पत्नीच्या स्वतःच्या नावावरच्या खात्यात. हा मुद्दा कृपया हसण्यावारी नेऊ नका. अमिरातीत खातेदाराचे निधन झाले की वारसाहक्काचा न्यायालयीन आदेश येईपर्यंत त्याचे खाते गोठवले जाते. घरातला कर्ता माणूस गेला, आणि त्याच दिवसापासून घरातल्या बाईला दुधाचे पैसे काढता येत नाहीत, याहून मोठी आपत्ती कोणती? दोघे मिळवते असतील तर दोघांचीही खाती स्वतंत्र असावीत.

तिसरा भाग भारतात, एनआरई खात्यात. तिथल्या व्याजावर अनिवासी भारतीयाला भारतात प्राप्तिकर नाही आणि पैसा हवा तेव्हा परत इकडे आणता येतो. पण लक्षात ठेवा, एनआरई मुदत ठेव वर्षाच्या आत मोडली तर व्याज काहीच मिळत नाही. म्हणून एक मोठी ठेव करण्याऐवजी तीन-चार लहान ठेवी कराव्यात. गरज पडली तर एकच मोडते. भारतात ठेवींना विमा प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला ५ लाख रुपयांपर्यंतच आहे, तोही फेब्रुवारी २०२० पासून. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त १,००० रुपये काढता येत होते. मुंबईतल्या कितीतरी मराठी घरांना त्याची झळ बसली. अर्धा टक्का जादा व्याजासाठी सगळी पुंजी एका बँकेत ठेवू नये, हा त्यातला धडा.

केव्हा फोडावी?

दिवाळीला घरी जाणे, शाळेची फी, गाडीची वार्षिक नोंदणी ही संकटे नव्हेत. तारखा आधीपासून माहीत असतात, त्यांची तरतूद वेगळी हवी. संकट म्हणजे नोकरी जाणे, आजारपण, गावाकडची वाईट बातमी. १६ एप्रिल २०२४ ला इथे जो पाऊस झाला, तसा १९४९ पासूनच्या नोंदींत कधी झाला नव्हता. ज्यांच्या गाड्या पाण्यात गेल्या आणि विमा फक्त तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरता होता, त्यांना सगळा खर्च खिशातून करावा लागला. अशा वेळी निःसंकोच फोडावी, आणि घडी बसली की पुन्हा भरायला घ्यावी. गंगाजळी नसेल तर हात क्रेडिट कार्डाकडे जातो, आणि त्याचे व्याज महिन्याला तीन टक्क्यांच्या आसपास. संकट संपते, हप्ते संपत नाहीत.

मग देणगीचे काय?

कुणी म्हणेल, मदतनिधीच्या पुस्तिकेत ‘आधी स्वतःचे साठवा’ हे कसे? त्यात विरोध नाही. स्वतःची गंगाजळी फोडून देणगी देऊ नका, असेच आम्ही सांगू. ज्या घराची घडी पक्की असते तेच घर दरवर्षी, न चुकता देऊ शकते. आपल्यातले एक कुटुंब स्वतःच्या पायावर उभे राहिले, तर निधीतली तेवढी मदत दुसऱ्या गरजूपर्यंत पोहोचते.

आणि असे गरजू आहेत. महिन्याला हजार-बाराशे दिरहम मिळवून त्यांतले आठशे गावी पाठवणाऱ्या कामगाराला वरचा हिशेब सांगण्यात अर्थ नाही. तो उधळत नाही, त्याच्याकडे उरतच नाही. त्याच्यासाठी भारत सरकारचा, २००९ मध्ये सुरू झालेला भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. अत्यंत गरजूंना परतीचे तिकीट, पार्थिव मायदेशी नेणे अशा कामांत दूतावास आणि वाणिज्य दूतावास त्यातून साहाय्य करतात. पण कागदपत्रे होईपर्यंतचे दिवस असतात. त्या दिवसांत जेवण, औषध, फोन, टॅक्सी हे कुणीतरी बघावे लागते. तिथे मंडळाचा निधी उपयोगी पडतो. ज्याला स्वतःची गंगाजळी भरणे शक्य नाही, त्याची गंगाजळी आपण सर्वांनी मिळून भरायची, एवढाच या निधीचा अर्थ.

म्हणून आमची विनंती दुहेरी आहे. या आठवड्यात नवरा-बायकोने एकत्र बसून वही काढावी, महिन्याचा खरा खर्च लिहावा, आणि येत्या पगारापासून पहिली रक्कम बाजूला टाकावी. त्यानंतर जे सुखाने देता येईल ते शेवटच्या पानावरच्या पाकिटात घालावे. रक्कम लहान असली तरी चालेल. थेंबे थेंबे तळे साचे, हे दोन्हीकडे खरे आहे.

आपले,
मंडळाची कार्यकारिणी