मोठा झालेला फास्टर फेणे

२७ ऑक्टोबर २०१७. दिवाळी होऊन आठवडा उलटला होता, शाळांची सुट्टी चालू होती आणि त्या शुक्रवारी ‘फास्टर फेणे’ महाराष्ट्रभर पडद्यावर आला. बरोबर सोळा वर्षांपूर्वी, २००१ साली, याच तारखेला फास्टर फेणेचे लेखक भा. रा. भागवत गेले होते. चित्रपट आदित्य सरपोतदार यांचा, लेखन क्षितिज पटवर्धन यांचं, बनेश फेणेच्या भूमिकेत अमेय वाघ. निर्मात्यांत जेनेलिया आणि रितेश देशमुख. रितेश मूळचा लातूरचा, बाभळगावच्या देशमुखांच्या घरातला. पुण्याजवळच्या फुरसुंगीच्या पोराला मोठ्या पडद्यावर आणायला मराठवाड्याच्या माणसाने हात लावला, हे त्या वेळी लातूर-नांदेडकडे कौतुकाने बोललं गेलं. या चित्रपटाचा लातूर-नांदेडशी याहून खोल संबंध आहे हे मात्र लक्षात यायला २०२४ चा जून उजाडावा लागला.

त्याकडे येण्याआधी थोडं मागे जाऊ. मराठीत चित्रकथेतून जन्मलेला आणि पुढे सिनेमात गेलेला अस्सल सुपरहिरो शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी मार्च १९६४ मध्ये सुरू केलेल्या इंद्रजाल कॉमिक्समुळे वेताळ आणि मँड्रेक मराठी बोलू लागले. आबिद सुरतींचा बहादूर १९७६ मध्ये त्यांना येऊन मिळाला. एस.टी. स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावरून हे अंक गावोगाव गेले आणि फाटेपर्यंत हातोहात फिरले. १९९० मध्ये मालिका बंद पडली. सहा वर्षांनी हॉलिवुडने वेताळावर ‘द फँटम’ काढला, बिली झेनला जांभळा पोशाख चढवला, आणि तो चित्रपट तिकीटबारीवर आपटला. ज्यांनी कवटीच्या अंगठीचा ठसा वहीच्या मागच्या पानावर काढला होता, ती पिढी तोवर नोकरीधंद्याला लागली होती.

देशी प्रयत्नांपैकी दोन मुद्दाम आठवावेत असे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ नोव्हेंबर १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये रोज भेटत होता. श्रीरंग गोडबोले यांनी त्याला मे २०१२ मध्ये पडद्यावर आणलं आणि पुढच्याच वर्षी दुसरा भागही काढला. तीन-चार चौकटींत संपणारी गंमत दोन तास ताणायची म्हणजे गोष्ट नवीन रचावी लागते, आणि रोज सकाळी चहाबरोबर चिंटू वाचणाऱ्याला ती रचना जाणवतेच. दुसरा प्रयत्न निखिल महाजन यांच्या ‘बाजी’चा, फेब्रुवारी २०१५ मधला. श्रेयस तळपदे मुखवटा चढवून घोड्यावर बसला. पण त्यामागे मूळ कॉमिक नव्हतं, म्हणून ताडून पाहायलाही काही नव्हतं. मुळाशी ताडून बघणारा, चिडणारा, हक्क सांगणारा चाहता ‘बाजी’च्या वाट्याला आला नाही. तो आला ‘फास्टर फेणे’च्या.

बनेशला उडता येत नाही, त्याच्याकडे मुखवटा नाही, अंगात दैवी ताकद नाही. चणीने किडकिडीत, हाताशी सायकल, आणि डोक्यात काही चमकलं की जिभेचा ‘ट्टॉक्’. तरीही मराठी मुलांच्या तीन पिढ्यांनी त्याला जी जागा दिली ती सुपरहिरोचीच. तो प्रतापगडावर गेला, काश्मीरला गेला, विमानचोरांशी भिडला, चीनच्या युद्धाच्या धामधुमीतही पोचला. सुभाष देसाई, शरद शास्त्री आणि माली ही त्याची मंडळी वाचकांना आपल्या वर्गातल्या मुलांइतकी ओळखीची होती. ज्यूल व्हर्न मराठीत आणणाऱ्या भागवतांना साहसकथेचं यंत्र आतून ठाऊक होतं: मुलाला मोठ्यांच्या जगात टाकायचं, त्याला भीती वाटू द्यायची, आणि सुटका त्याच्याच डोक्यातून काढायची. राहुल देशपांडे यांच्या चित्रांनी त्याला चेहरा दिला, आणि मग तो चेहरा मोडायचा अधिकार कुणाला राहिला नाही.

नांदेडकडच्या कंधारसारख्या ठिकाणी ही पुस्तकं वाचणाऱ्याची गोष्ट थोडी वेगळी. तिथल्या मुलाने पुण्याचे रस्ते पाहिलेले नसतात, बनेशची विद्याभवन शाळा कुठे असेल याचा अंदाज नसतो. पण राष्ट्रकूटांच्या काळापासूनचा किल्ला गावाला लागून आहे, त्याला रुंद खंदक आहे, बुरूज आहेत. अशा गावात वाढणाऱ्याला ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’ वाचताना प्रतापगड बघायला जावं लागत नाही, तो आपल्याच किल्ल्यात बनेशला पळवतो. भागवतांची खरी कमाई इथे दिसते. पुस्तकातलं पुणं कितीही नेमकं असलं तरी वाचणाऱ्याने ते आपल्या गावात उतरवून घेतलं. त्यामुळे प्रत्येकाचा बनेश थोडा वेगळा होता, आणि प्रत्येकाला तोच खरा वाटत होता.

पडद्यावर त्याचं हे पहिलं येणं नव्हे. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर मालिका आली आणि सुमीत राघवन बनेश झाला. सुमीत तेव्हा स्वतः शाळा-कॉलेजच्या वयाचा होता, त्यामुळे वयाचा प्रश्न निघालाच नाही. ज्यांनी ती मालिका पाहिली त्यांच्या डोक्यात पुस्तकातल्या चित्रांशेजारी सुमीतचा चेहरा जाऊन बसला. २०१७ मध्ये अमेय वाघला एकदम दोन बनेशांशी सामना करावा लागला, एक कागदावरचा आणि एक छोट्या पडद्यावरचा.

चित्रपटाची घोषणा झाल्यापासूनच वाद वयाचा होता. अर्ध्या चड्डीतला शाळकरी बनेश गेला कुठे? अमेय तेव्हा तिशीकडे झुकलेला. पटकथेतला बनेश वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा द्यायला पुण्यात येतो. म्हणजे बारावी झालेला, मिसरूड फुटलेला तरुण. ज्यांनी फास्टर फेणेला, म्हणजे ‘फाफे’ला, सायकलीवरून सुसाट जाताना मनात पाहिलं होतं त्यांना हे रुचणं अवघड होतं. त्यात भर म्हणजे गोष्टीत खून आहे. परीक्षेच्या वेळी ओळख झालेल्या मुलाचा मृत्यू होतो, ती आत्महत्या ठरवली जाते, बनेशला ते पटत नाही, आणि माग काढताना तो प्रवेश परीक्षेतल्या घोटाळ्यापर्यंत पोचतो. गिरीश कुलकर्णी यांचा अप्पा हा खलनायक थंड, गोड बोलणारा आणि खरोखर भीतिदायक. भागवतांच्या चोर-भामट्यांशी त्याचं काहीच नातं नाही. भागवतांचे भामटे पकडले जातात आणि वाचक हसतो. अप्पा पडद्यावर असताना हसू येत नाही.

जुन्या वाचकांची तक्रार अशी दुहेरी होती: मूल हरवलं आणि निरागसपण हरवलं. तिला जुन्या आठवणींचा हळवेपणा म्हणून झटकणं अन्यायाचं होईल. मराठीत मुलांसाठी बनणारे चित्रपट आधीच मोजके, आणि मुलांचा सर्वांत लाडका नायक हाती असताना तो मोठ्यांच्या थरारपटात न्यावा, हा निर्णय एका अर्थाने मुलांच्या तोंडचा घास काढणारा होता. आठवीतल्या पोराला पुस्तक देऊन मग चित्रपटाला नेणाऱ्या आईबापांना ही अडचण प्रत्यक्ष आली असणार.

असा हक्क सांगणारे चाहते जगभर आहेत. १९८९ च्या ‘बॅटमॅन’साठी मायकल कीटनची निवड झाल्याचं कळताच वॉर्नर ब्रदर्सकडे निषेधाची हजारो पत्रं गेली. विनोदी भूमिका करणारा नट बॅटमॅन कसा होईल, हा राग. चित्रपट आला आणि त्यातल्या बहुतेकांना कीटनच बॅटमॅन वाटू लागला. उलट उदाहरण ‘वॉचमेन’चं. अ‍ॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांची १९८६-८७ मधली ही चित्रकादंबरी झॅक स्नायडरने २००९ मध्ये इतकी इमानाने उचलली की चौकटी जशाच्या तशा पडद्यावर आल्या. शेवट मात्र बदलला, कादंबरीतला महाकाय सागरी जीव गाळला, आणि चाहते त्या एका बदलावर वर्षानुवर्षं भांडत राहिले. मूर यांनी तर श्रेयनामावलीत आपलं नावही येऊ दिलं नाही. चौकट न् चौकट सांभाळूनही चाहत्यांचं समाधान होत नाही, आणि सगळं बदलूनही कधीकधी होतं. मूळ पात्राचं मर्म कशात आहे हे दिग्दर्शकाने आणि वाचकाने एकाच ठिकाणी ओळखलं, तर चेहरा, वय, पोशाख पुढे माफ होतात.

सरपोतदार आणि पटवर्धन यांनी ते कशात ओळखलं? पहिली गोष्ट, त्यांनी लेखकालाच गोष्टीत आणलं. पुण्यात बनेश उतरतो तो भा. रा. भागवतांच्या घरी, आणि भागवत झाले आहेत दिलीप प्रभावळकर. जुना वाचक नाराज होऊन बसला असेल तर त्याला उठून उभं राहायला लावणारा हा प्रसंग. लेखक आपल्या मानसपुत्राशी बोलतो, त्याच्यावर विश्वास ठेवतो, आणि तो विश्वास वाचकाकडेही येतो. पात्र मोठं करायला परवानगी हवी होती, आणि ती देऊ शकणारा एकच माणूस होता. चित्रपटाने ती त्याच्या तोंडून मिळवली, हे फार सुंदर सुचलेलं आहे. दुसरी गोष्ट, ‘ट्टॉक्’ राहिला. तिसरी, भूभू. शुभम मोरेने साकारलेला हा रस्त्यावरचा पोरगा म्हणजे पुस्तकातल्या शाळकरी बनेशचं चापल्य आणि चोंबडेपणा दुसऱ्या अंगात घातलेला. बनेश मोठा झाला तरी चित्रपटात मूल उरलं, ते भूभूमुळे.

अमेयने काय केलं, तर धावला. नीट पाहिलं तर हा बनेश फार मारामाऱ्या जिंकत नाही. तो बघतो, ताळा जुळवतो, पळतो, पुन्हा बघतो. त्याला शंका गिळवत नाही. मेलेला मुलगा त्याचा ना नातेवाईक ना जुना दोस्त, तरी आपली परीक्षा, आपलं करिअर बाजूला ठेवून तो त्याच्यासाठी उभा राहतो. भागवतांच्या बनेशचं मर्म हेच होतं, आणि म्हणून कुरकुरत चित्रपटगृहात गेलेल्यांतले बरेच जण बाहेर पडताना अमेयला आपला म्हणू लागले. वयाचा वाद मात्र मिटला नाही.

हा वाद पुण्या-मुंबईत एका तऱ्हेने झाला. कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर या पट्ट्यात त्याचं वजन वेगळं होतं. इथला मुलगा किंवा मुलगी दहावी झाली की घरात पहिला प्रश्न येतो, नांदेड की लातूर? राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांच्या निकालांतून ‘लातूर पॅटर्न’ हे नाव रुजलं, त्याभोवती शिकवण्यांची, वसतिगृहांची, खानावळींची अख्खी बाजारपेठ उभी राहिली. नांदेडनेही तोच रस्ता धरला. २०१७ पासून राज्यातले वैद्यकीय प्रवेश पूर्णपणे ‘नीट’च्या गुणांवर होऊ लागले, आणि तेव्हापासून दोन वर्षांचं आयुष्य त्या एका परीक्षेभोवती फिरतं. कोरडवाहू शेतीवाल्या बापाने काढलेलं कर्जही त्याच परीक्षेभोवती. त्याच वर्षी आलेला बनेश मेडिकलची परीक्षा देतो, आणि पात्र नसलेले लोक पैशाच्या जोरावर जागा लाटतात हे त्याला उमगतं. पुण्याच्या वाचकाला यात बालपण गेल्यासारखं वाटलं. लातूरच्या खोलीवर राहून अभ्यास करणाऱ्या पोराला यात आपलंच वय आणि आपलीच भीती दिसायला हवी होती. मध्य प्रदेशातला व्यापम परीक्षा-घोटाळा २०१३ मध्येच उघडकीस आला होता, त्यामुळे कथा हवेतली नव्हती. तरी ती दुसऱ्या राज्यातली वाटत होती.

मग २०२४ उजाडलं. ५ मे रोजी नीट झाली, ४ जूनला निकाल लागला, आणि ७२० पैकी ७२० गुणांचे ६७ विद्यार्थी पाहून देशभर संशय उसळला. १,५६३ विद्यार्थ्यांना दिलेले वाढीव गुण मागे घेऊन त्यांना फेरपरीक्षेचा पर्याय द्यावा लागला, ती २३ जूनला झाली. त्याच सुमारास नांदेडच्या दहशतवादविरोधी पथकाच्या तक्रारीवरून लातूरच्या शिवाजीनगर पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. पैसे घेऊन गुण वाढवून देण्याच्या आरोपावरून जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकांना अटक झाली, आणि तपास पुढे सीबीआयकडे गेला. २३ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने परीक्षा रद्द करायला नकार दिला. पेपरफुटीचा माग हजारीबाग आणि पाटण्यात निघाला होता. लातूरचं प्रकरण त्याहून वेगळं, आणि त्यातले आरोप सिद्ध होणं न होणं न्यायालयाकडे आहे. पण त्या पंधरवड्यात लातूर-नांदेडच्या शिकवण्यांच्या गल्ल्यांतून जी अस्वस्थता पसरली, ती सात वर्षांपूर्वीच्या एका मराठी चित्रपटात आधीच होती.

आज ‘फास्टर फेणे’ पुन्हा पाहताना म्हणूनच तो वाद नव्याने मांडावा लागतो. बनेशला मोठं करून क्षितिज पटवर्धन यांनी त्याला अशा वयात उभं केलं, जिथे आजच्या मराठी मुलावर खरा घाला पडतो. भागवतांच्या काळात साहस म्हणजे किल्ला, जंगल, चोरांची गुहा. आता कंधारच्या पोरासाठी सगळ्यात भीतीची जागा परीक्षा केंद्र असेल, तर फाफेने तिथेच जायला हवं होतं, आणि तो गेला. निरागसपणाची तक्रार खरी आहे. मुलांचा चित्रपट द्यायचा राहिला हेही खरं. पण पात्राशी बेइमानी झाली, हा आरोप आता टिकत नाही.

सरपोतदार त्यानंतर २०२२ मध्ये ‘झोंबिवली’कडे वळले, आणि त्यांचा ‘मुंज्या’ प्रदर्शित झाला ७ जून २०२४ ला, नीटच्या निकालानंतर तिसऱ्या दिवशी. कोकणातल्या भुताची ती हिंदी गोष्ट देशभर चालली. ‘फास्टर फेणे’चा दुसरा भाग मात्र आलेला नाही. चाहते तो मागत राहतात, आणि मागताना पुन्हा दोन तट पडतात. एकाला अमेयच हवा, चित्रपटातल्या अबोली आणि अंबादाससह, नव्या प्रकरणात. दुसऱ्याला नवा, तेरा-चौदा वर्षांचा बनेश हवा, सुभाष, शरद आणि माली यांच्यासह, पुस्तकातल्याच एखाद्या गोष्टीत. यातली दुसरी मागणी करणाऱ्यांना २०१७ मध्ये जे मिळालं नाही ते अजूनही मिळालेलं नाही, आणि फास्टर फेणेची पुस्तकं मात्र उत्कर्ष प्रकाशनाच्या संचात पटकथाकाराची वाट बघत तयार आहेत.