सडकेवरचे सक्तमजूर

सायकल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दूधवाला येतो, पोस्टमन येतो, पहिल्या पाळीला निघालेला कामगार येतो. तीच सायकल दामटून पोट भरणारा एक वर्ग युरोपात शंभराहून अधिक वर्षे आहे. खेळ म्हटला की मालक कोण, हे विचारण्याची आपल्याला सवय नसते. आम्ही पडलो संघटनेतली माणसे. आमचा पहिला प्रश्न तोच.

‘तूर द फ्रान्स’ ही सर्वांत नामांकित शर्यत १९०३ साली निघाली ती ‘लोतो’ नावाच्या वर्तमानपत्राचा खप वाढावा म्हणून. पत्राचा कागद पिवळा, म्हणून १९१९ पासून आघाडीच्या स्वाराच्या अंगावर पिवळी बंडी आली. संपादक आंरी देग्रांज हेच शर्यतीचे सर्वाधिकारी. स्वाराने कोणाचीही मदत घ्यावयाची नाही, असा त्यांचा दंडक. १९१३ साली तूरमाले घाटात ओझेन क्रिस्तोफ याच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. गडी मूळचा कुलुपे करणारा कारागीर. सायकल खांद्यावर टाकून तो कित्येक किलोमीटर चालत खाली आला आणि गावच्या लोहाराच्या भट्टीवर त्याने स्वतःच्या हाताने चिमटा जोडला. पंच शेजारी उभे राहून पाहत होते. एका पोराने भाता हलवला, एवढ्यावरून त्याला वेळेचा दंड बसला!

आता आंरी पेलिसिएची हकीकत. जन्म १८८९, पॅरिसचा. पॅरिस-रूबे ही दगडी सडकेवरची शर्यत त्याने १९१९ व १९२१ साली मारली. माणूस तोंडाचा फटकळ. १९२० साली निकामी टायर टाकून दिल्याबद्दल दंड झाला, तेव्हा तूर सोडून घरी गेला. याला कष्ट सोसवत नाहीत, असे देग्रांजनी लिहिले. १९२३ साली त्याच पेलिसिएने अर्ध्या तासाहून अधिक आघाडीने तूर जिंकली.

पुढल्या वर्षीची शर्यत ५,४२५ किलोमीटरची, पण टप्पे अवघे १५. शेर्बूर ते ब्रेस्त हा एकच टप्पा ४०५ किलोमीटर! एवढी मजल मारावयाची तर रात्रीच निघावे लागे. थंडीसाठी दोन बंड्या घालाव्या आणि उन्हे चढली की एक काढून फेकावी, ही साधी सोय. पण निघताना जे अंगावर, ते शेवटी अंगावर असलेच पाहिजे, असा नियम. बंड्या मोजण्यासाठी अधिकाऱ्याने पेलिसिएची बंडी हाताने वर उचलून पाहिली. कारखान्याच्या दरवाजावर सुटीच्या वेळी झडती देणाऱ्यांना यातली बोच सांगावी लागणार नाही. आम्ही ती दिलेली आहे. कूतांस गावी पेलिसिए, त्याचा भाऊ फ्रान्सिस आणि सोबती मोरिस व्हिल असे तिघे सायकलीवरून उतरले.

तेथल्या उपाहारगृहात त्यांना आल्बेर लोंद्र हा बातमीदार भेटला. आदल्याच वर्षी त्याने कायेन येथील काळ्या पाण्यावरच्या कैद्यांचे हाल लिहिले होते. स्वारांनी पिशव्या उघडल्या: डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म, वर गोळ्या. ‘सडकेवरचे सक्तमजूर’ हा शब्द त्या लेखमालेमुळे रूढ झाला. बातमीदाराला आम्ही थोडे तिखटमीठ लावून सांगितले, असे फ्रान्सिस पुढे म्हणाला. असेल, पण बंडी आणि ४०५ किलोमीटर यांना तिखटमीठ लागत नाही. खुद्द आंरीने साम्यवाद्यांच्या ‘ल्युमानिते’ पत्राला कळवले, की शारीरिक कष्ट आमच्या धंद्याचेच आहेत, तक्रार वागणुकीची आहे. हा भेद ज्याला करता आला, तो शाळा किती शिकला हे आम्ही विचारणार नाही.

शर्यत अर्थातच थांबली नाही. १५७ निघाले, ६० पोचले. पहिला आला ओत्ताव्यो बोत्तेक्किया, इटलीचा गवंडी. तिघे उतरले आणि बाकीचे पुढे गेले, तर मालकाचे काय अडते?

संघात पुढाऱ्यापुढे वारा अंगावर घेणारे, पाणी आणून देणारे गडी असतात. मागच्याचे श्रम पुष्कळ वाचतात, नाव पुढाऱ्याचे होते. म्हणून विजेत्याने बक्षिसाची रक्कम सोबत्यांत वाटावी, ही रीत पडली. ती आम्हांस फार आवडली.

सर्वांनी एकत्र उतरण्यास १९७८ साल उजाडावे लागले. एका दिवसात दोन टप्पे, पहाटे उठणे, अपुरी झोप यांविरुद्ध सगळे स्वार व्हालांस दाजाँ येथे सायकली हाती धरून अंतिम रेषा चालत ओलांडून गेले. पुढे बेर्नार इनो होता. १९९९ साली स्वारांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. स्त्रियांच्या वरच्या संघांना किमान वेतनाचा नियम मात्र लागू झाला तो २०२० साली.